मोल, मायसेल आणि मोरी

बारावीच्या परीक्षेत ‘साबणाची मलनाशक क्रिया आकृतीसह स्पष्ट करा’ या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. आकृती तर मी जीव ओतून काढली होती. रेणूचं डोकं पाण्याच्या ओढीचं, शेपूट तेलाच्या. सगळे रेणू आपापली शेपटी मळाच्या थेंबात खुपसून, डोकी बाहेर काढून गोल करून बसलेले. या गोलाला मायसेल म्हणतात. तो मी रंगीत पेन्सिलीने रंगवलाही होता.

त्यानंतर चारेक महिन्यांनी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मोरीत, एका बादलीसमोर उकिडवी बसून मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे कपडे धुतले, आणि लक्षात आलं की त्या आकृतीत माणूस कुठेच नव्हता. शेपट्या मळात घुसतात हे खरं, पण त्यांना मळासकट तिथून उपटून काढायला कुणीतरी कॉलर घासावी लागते. पुस्तकात त्यासाठी ‘ढवळल्यावर’ असा एकच शब्द होता. तो शब्द म्हणजे मी.

घरी कपडे बाबा धुवायचे. बाबा एका कचेरीत हिशेब बघतात. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच, की माझ्या प्रवेशाचा अर्ज त्यांनी भरला होता. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी बाह्या दुमडून ते मोरीत शिरले की आतून आपटण्याचे, खळबळण्याचे, झटकण्याचे आवाज येत राहायचे, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या कपाटात घड्या येऊन बसलेल्या असायच्या. मधली प्रक्रिया मी कधी पाहिलीच नाही. कपाट हे स्वच्छ कपड्यांचं उगमस्थान आहे, असाच माझा अठरा वर्षं समज होता.

वसतिगृहातलं कपाट मात्र आटलं. धुतलेले आणि मळलेले यांच्यामध्ये कपड्यांची एक तिसरी अवस्था असते आणि ती खुर्चीवर राहते, हा शोध मला पहिल्याच आठवड्यात लागला होता. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची दिसेनाशी झाली. तिसऱ्या आठवड्यात माझी रूममेट अत्यंत सभ्यपणे म्हणाली, “खिडकी उघडू का गं जरा?” खिडकी उघडीच होती.

आता रसायनशास्त्राची विद्यार्थिनी बादलीत पावडर अंदाजाने टाकते की काय? मी वही घेतली. मायसेल तयार व्हायला पाण्यात साबणासारख्या पदार्थाचं एक किमान प्रमाण लागतं. सोडियम लॉरिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थासाठी ते २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल असतं. (मोल हे रेणू मोजायचं माप, मिलिमोल त्याचा हजारावा हिस्सा.) बादली १० लिटरची, म्हणजे ८० मिलिमोल. रेणुभार २८८. गुणाकार केला, उत्तर आलं २३ ग्रॅम. उत्तराखाली दोन रेघा मारल्या. मग शंका आली, पावडरीत काही नुसतं हेच नसतं. त्यात सोडा असतो, क्षार असतात, सुगंध असतो. म्हणून सुरक्षिततेसाठी चौपट धरलं. वजनकाटा नव्हता, म्हणून मुठीने मोजलं. मूठ लहान वाटली, म्हणून आणखी एक. वही बाजूला ठेवली ती भिजू नये म्हणून.

फेस आला. सुरुवातीला मला त्याचा अभिमान वाटला. मग तो बादलीच्या काठावर आला, काठावरून उतरला, आणि शेजारच्या नळावर दात घासत उभ्या असलेल्या मुलीच्या पायाशी जाऊन थांबला. फेसाचा आणि स्वच्छतेचा फारसा संबंध नसतो, हे मला ठाऊक होतं. फेस म्हणजे साबणाच्या पापुद्र्यात कोंडलेली हवा, बस्स. मळ काढण्याचं काम खाली पाण्यात चालतं. पण ज्याच्याशी संबंध नाही तोच पदार्थ सात बादल्या पाणी ओतूनही हटत नव्हता. आठवी बादली भरायला गेले तर मागे चार जणी आपापल्या बादल्या घेऊन उभ्या. त्यांच्या नजरेत मायसेलविषयी कसलंही कुतूहल नव्हतं.

शेवटी साबणाच्या हातानेच फोन लावला.

“बाबा, फेस जात नाहीये.”

“पिळलेस का?”

“शेवटी पिळणार ना. आधी विसळतेय.”

“अगं, प्रत्येक पाण्याला पिळायचं. पिळलं नाहीस तर साबण कपड्यातच बसून राहतो आणि तू त्याला नुसत्या आंघोळी घालतेस. थोडं पाणी घे, पिळ, फेक. तीन वेळा.”

मी मोरीतच थबकले. आठवड्यापूर्वीच वर्गात हे झालं होतं. एकदाच भरपूर द्रावक वापरण्यापेक्षा तेवढाच द्रावक थोडा-थोडा करून वापरला तर निष्कर्षण, म्हणजे पदार्थ विरघळवून बाहेर काढणं, चांगलं होतं. गणितही केलं होतं. कपड्यात एक लिटर साबणाचं पाणी अडकलं आहे आणि त्यात नऊ लिटर स्वच्छ पाणी घातलं, तर पिळल्यावर साबण दहावा हिस्सा उरतो. असं तीनदा केलं की हजारावा. तेच सत्तावीस लिटर एकदम ओतले तर अठ्ठाविसावा. हे सूत्र मी पाठ केलं होतं, फळ्यावर जाऊन सिद्धही करून दाखवलं होतं. बाबांनी ते मनगटात ठेवलं होतं.

कपडे वाळत घालणं हे काम मी काम समजतच नव्हते. दोरी आहे, कपडा आहे, टाकला. बाकीचं बाष्पीभवन बघून घेईल. पण बाष्पीभवनाला हवा लागते, आणि मी तर जागा वाचवायला एकावर एक तीन कपडे घालून, वर खोलीचं दारही लावून घेतलं होतं. दोन दिवसांनी सगळ्या खोलीला तो सुप्रसिद्ध कुबट वास. याचं कूळ शोधायला मी ग्रंथालयात गेले, (कपडे पुन्हा धुण्यापेक्षा ते सोपं होतं) तर कळलं की ओल्या कपड्यांच्या या वासामागे मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं आहे. मी हे खोलीत येऊन मोठ्या उत्साहाने सांगितलं. रूममेटने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खोली दोघींची आहे. त्या मोराक्सेलाला सांग, भाडं भर नाहीतर नीघ.” त्या दिवसापासून मी कपडे झटकून, उलटे करून, एकेकटे वाळत घालायला लागले. बाबांचा तो झटकण्याचा फाडफाड आवाज माझ्या हातून पहिल्यांदा निघाला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला आजूबाजूला कुणी ऐकलं का ते बघावंसं वाटलं.

लॅबकोटाची कथा वेगळी आहे. कोट पांढरा असतो, कारण त्यावर काय-काय सांडलं ते दिसावं. प्रॅक्टिकलला सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा एक थेंब बाहीवर उडाला. काहीच झालं नाही. सौम्य आहे ना, म्हणून मीही सोडून दिलं. पण सौम्य आम्लातलं पाणी उडून जातं, आम्ल उडत नाही. ते सुताला खात मागेच बसतं. कोट धुवायला काढला आणि घासला, तर ब्रशचे केस बाहीच्या आतून बाहेर आले. बाबांच्या भाषेत सांगायचं तर व्याज फुगून कर्ज एकदम वसूल झालं होतं.

बरं, धुतलेला कोट घालून अतिनील दिव्याच्या पेटीत हात घातला, तर बाही निळसर चमकायला लागली. साबण राहिला! त्या संध्याकाळी मी कोट पुन्हा तीनदा विसळला, दर वेळी पिळून. दुसऱ्या दिवशी बाही तितकीच चमकली. तेव्हा प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सांगितलं की पावडरीत उजळपणा आणणारी द्रव्यं असतात, ती अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून कपडा पांढराशुभ्र वाटतो. ती कपड्याला चिकटून राहावीत म्हणूनच तर घातलेली असतात. म्हणजे जे निघायला हवं ते निघत नव्हतं आणि जे राहायला हवं ते काढायला मी जिवाचं रान करत होते.

आणि मग तो जांभळा टीशर्ट. नवा, गडद, फार आवडता. तो मी कोटासोबत, उश्यांच्या अभ्र्यांसोबत आणि एकूण माझ्या सगळ्या पांढऱ्या दुनियेसोबत रात्रभर भिजत घातला. सकाळी बादलीत डोकावले तर सगळ्यांमध्ये कमालीचं ऐक्य झालं होतं.

फोनवर मी जवळजवळ भांडलेच. “रंगीत वेगळे भिजवायचे हे तुम्ही सांगितलं नव्हतं!”

“मला वाटलं, केमिस्ट्रीला गेली आहेस, तर रंगाचं तुला माहीत असेल.”

दुसरा कोट नव्हता. मी फिकट जांभळा कोट घालून प्रॅक्टिकलला गेले. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वर्गालाच विचारलं, “विल्यम पर्किन कोण, सांगेल का कुणी?” कुणी सांगेना, तेव्हा त्यांनीच सांगितलं. १८५६ मध्ये अठरा वर्षांचा हा विद्यार्थी सुट्टीत घरच्या छोट्याशा प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला बसला. क्विनीन बनलं नाही, काळा चिखल झाला. तो चिखल काढायला त्याने भांडं अल्कोहोलने धुतलं, तर सुंदर जांभळं द्रावण. तोच पहिला कृत्रिम रंग, मोव्ह. त्याने कारखाना काढला आणि ३६व्या वर्षी धंदा विकून मोकळा झाला.

“म्हणजे सुरुवात अगदी हिच्यासारखीच,” मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या. “वय तेच, रंग तोच, धुता-धुताच. फक्त त्याने त्याच वर्षी पेटंट घेतलं.”

वर्ग हसला. मीही हसले, कारण त्या कोटात गंभीर राहता येत नाही.

पण त्यानंतर काहीतरी फिरलं. एका मैत्रिणीच्या कोटावर परमँगनेट सांडून तपकिरी डाग पडला होता. ती साबणाने घासून-घासून रडकुंडीला आली. मी हातमोजे चढवले, ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण त्यावर टेकवलं. डाग बघता-बघता विरला. त्यात माझी हुशारी काही नव्हती. आदल्याच आठवड्याच्या प्रॅक्टिकलला परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल हेच दोघे ब्युरेट (थेंब-थेंब सोडायची मापाची नळी) आणि फ्लास्कमधून एकमेकांना भेटले होते. पण मजल्यावर माझं नाव झालं. कुणीतरी दार वाजवून बाही पुढे करायचं, आणि मी विचारायचे, “कशाचा आहे? कधी पडला? पाणी लावलंस का?” हा आवाज कुणाचा आहे ते मला कळत होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही.

परीक्षा जवळ आलेली असताना एका सकाळी बाबांचा फोन. एरवी फोन मी करते. आवाज जरा खालचा.

“ऐक ना, कचेरीत शिक्क्याच्या शाईची डबी उलटली. शर्टाच्या खिशावर. दोनदा धुतला, साबणाला दाद देत नाही.”

“रंग कोणता?”

“जांभळा.”

मी खुर्चीवर ताठ बसले. खुर्ची आता रिकामी असते. पर्किनच्या भांड्याची गोष्ट सांगितली, ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग मी मुद्द्यावर आले. असे रंग अल्कोहोलमध्ये विरघळतात. औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणा, कापसाने टिपा, घासू नका, कापूस बदलत राहा, आणि जवळ काही पेटतं ठेवू नका. बाबा कागदावर लिहून घेत होते. पेन थांबल्याचा आवाज आला की मी पुढचं सांगायचे.

तासाभराने पुन्हा फोन वाजला.

“खिशावरचा गेला,” बाबा म्हणाले.

“बघा!”

“पाठीवर आला.”

“पाठीवर कसा येईल? आत जुनं फडकं घातलं होतंत ना, शाई टिपायला?”

पलीकडे नळ सुरू होता. बादली भरत आल्यावर पाण्याचा आवाज बदलतो तसा बदलला. मग बाबा म्हणाले, “ते तू सांगितलं नव्हतंस.”