दोन दिवसांचं क्लिनिक की खिशातला फोन

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर वाद पेटला तो दहा हजारांवरून. तालमीच्या बारा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या दोघांसाठी मंडळानं ही रक्कम बाजूला काढली आहे. पुण्यातल्या दोन दिवसांच्या कोचिंग क्लिनिकला दोघं गेले, तर फी, गाडी आणि मुक्काम यातच ती संपते. त्या दोघांतला धाकटा म्हणजे पक्का फोनवाला. त्याचं म्हणणं, हेच पैसे चेंडू, खुणेचे प्लास्टिकचे कोन आणि बिब्सना, म्हणजे संघ ओळखायच्या रंगीत बंड्यांना, घाला, शिकायचं ते व्हिडिओ बघून शिकतो.

"फिफाची ट्रेनिंग सेंटर म्हणून वेबसाइट फुकट हाय बापू. वयाप्रमाणं सराव, आकृत्या, व्हिडिओ, सगळं. पुण्याला जाऊन वेगळं काय मिळणार?"

"क्लिनिक म्हटलं की मला इंजेक्शनच आठवतंय," बापू म्हणाले. "पण बघून शिकता आलं असतं तर स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसणारा निम्मा गाव कोच झाला असता की रं."

हशा झाला, पण धाकटा हटला नाही. त्यानं वील कूर्व्हर काढला. फेयेनूर्डला १९७४ चा युएफा कप जिंकून देणारा हा डच प्रशिक्षक मोठमोठ्या खेळाडूंच्या फिल्म बघत बसायचा. त्यांच्या चकव्यांची फोड करून त्यानं पोरांना शिकवायची पद्धत बसवली. "म्हणजे पडद्यावर बघूनच केलं की त्यानं."

शाळेत पीटी शिकवणारे सर इथपर्यंत गप्प होते. "कूर्व्हर फिल्म बघत होता ते खेळाडूचा पाय कसा फिरतो यासाठी. तुला शिकायचंय ते वेगळं आहे. समोरच्या सोळा पोरांत कोण का चुकतोय, हे तुला दिसलं पाहिजे. व्हिडिओत चुकणारं पोरगं तू कधी बघितलंस?"

मुद्दा खरा आहे. ड्रिलच्या बहुतेक व्हिडिओंत अकादमीतली तयार पोरं असतात आणि चाळीस सेकंदांत सगळं घडतं. कोन लावायला गेलेली चार मिनिटं, पाणी, चेंडू आणायला पळालेलं पोर, हे सगळं कापलेलं असतं. मैदानावर तोच सराव बारा मिनिटांचा होतो आणि त्यातली पाच मिनिटं समजावण्यात जातात.

सरांनी साध्या इनसाइड पासचं, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूनं द्यायच्या पासचं, उदाहरण घेतलं. टेकवायचा पाय चेंडूच्या शेजारी, वीतभर अंतरावर, अंगठा जिकडे पास द्यायचा तिकडे, मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट. एवढं व्हिडिओ सांगतो. आता पोराचा चेंडू उडतोय. का? बहुतेक वेळा टेकवलेला पाय चेंडूच्या मागे राहतो, अंग मागे झुकतं, पायाचा मार चेंडूच्या तळाला बसतो. हे समोरून दिसतच नाही, बाजूला उभं राहावं लागतं. पास उजवीकडे जात असेल तर मात्र पोराच्या पाठीमागे जायचं, कारण अंगठा कुठं वळलाय ते तिथूनच कळतं. "व्हिडिओत कॅमेरा कुठं ठेवायचा ते दुसऱ्यानं ठरवलेलं असतं. मैदानावर कॅमेरा म्हणजे तू."

"मग हे क्लिनिकमध्ये शिकवतात?" धाकट्यानं विचारलं.

"चांगलं असलं तर. वाईट असलं तर तेही चालतंबोलतं व्हिडिओच."

इथं आमच्यातला कीपर उसळला. क्लिनिकबद्दल त्याचा राग जुना. "चाळीस जण जमवायचे, मोठ्या नावाचा माणूस मधे उभा करायचा, त्यानं ड्रिल दाखवायचं, बाकीच्यांनी फोनवर शूट करायचं. घरी काय आणलं? व्हिडिओच! तोही हललेला. आणि गोलकीपिंगला शेवटचा अर्धा तास, ऊन डोक्यावर आल्यावर."

मग कट्ट्यावरच हिशेब झाला. दोन दिवस, रोज सहा तास, म्हणजे ७२० मिनिटं. निम्मी व्याख्यानाला आणि प्रात्यक्षिकाला गेली असं धरा. राहिली ३६०. चाळीस जणांनी एकाच मैदानावर पाळीनं सराव घ्यायचा तर प्रत्येकाला नऊ मिनिटं. सोळा जण असते तर साडेबावीस. दहा हजारांची किंमत त्या नऊ किंवा साडेबावीस मिनिटांत आहे, बाकी बरंचसं फोनवर मिळतं. म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून विचारायचं: माणसं किती घेणार, शिकवणारे किती, प्रत्येकाला स्वतः सराव घ्यायला लावणार का, आणि झाल्यावर त्याच्या चुका त्याला लिहून देणार का.

सरांनी आणखी एक विचारायला सांगितलं, आणि ते मला सगळ्यांत कामाचं वाटलं: सराव घ्यायला खरी पोरं असणार का? पुष्कळ ठिकाणी कोचच पोरं बनून खेळतात. तिशीतला माणूस शिट्टी वाजली की थांबतो, सांगितलं की ऐकतो, सोळा म्हटलं की सोळाच असतात. दहा वर्षांचं पोरगं शिट्टीनंतर आणखी दोन किक मारतं, बुटाची नाडी सोडून बसतं, आणि मैदानावर सोळाच्या जागी तेरा उगवतात.

"तेरा आले की काय करालाईस?" बापूंनी धाकट्याला पकडलं. ४ विरुद्ध २ चा राँडो त्याचा लाडका: चौघांनी चौकोनाच्या कडेनं पास द्यायचे, मधल्या दोघांनी चेंडू हिसकावायचा.

"सहा-सहाचे दोन चौकोन. एक जण बाहेर."

"बाहेरचा काय करतोय?"

"थांबतोय."

"थांबतोय न्हाई, दगड मारतोय."

सरांनी तोड सांगितली. तेराव्याला जोकर करायचं, दोन मिनिटं या चौकोनात, दोन मिनिटं त्या चौकोनात, चेंडू ज्यांच्याकडे त्यांच्या बाजूनं. जोकर आला की आठ मीटरचा चौकोन दहाचा करायचा, नाहीतर गर्दीत पोरं नुसता चेंडू भिरकावतात. उलट, चौकोन फार मोठा झाला तर मधल्या दोघांना चेंडू मिळतच नाही, दोन मिनिटांत ती चालायला लागतात. पास तीनच्या पुढे जात नसतील तर बाजू मीटरभर वाढव, वीस-वीस जात असतील तर मीटरभर कमी कर. सुटे चेंडू चौकोनाबाहेर चारी बाजूंना ठेव, एक गेला की दुसरा लगेच आत. हे आकडे आकृतीत असतात, पण कधी बदलायचे ते आकृतीत नसतं. ते शेजारी उभं राहून कुणीतरी "आता वाढव" म्हणाल्याशिवाय अंगात मुरत नाही.

धाकट्यानं मग हुकमाचं पान टाकलं. वॉर्म-अपसाठी तो पोरांकडून 'फिफा ११ प्लस' हा दुखापती टाळायचा कार्यक्रम करून घेतो, तेही व्हिडिओ बघून. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं: आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगानं पळणं. "यात क्लिनिक कशाला लागतंय?"

सरांनी डोक्याला हात लावला. "अरे, ते चौदा वर्षांपासून वरच्यांसाठी. सात ते तेराला 'किड्स' म्हणून वेगळा कार्यक्रम आहे. तुझी पोरं अकराची. व्हिडिओ तुला वय विचारत नाही."

धाकटा ओशाळला, पण सर थांबले नाहीत. या ११ प्लसवरच कॅनडात किशोरवयीन मुलींच्या संघांवर एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. काही संघांच्या कोचना फक्त वेबसाइट दिली, काहींची हंगामाआधी कार्यशाळा घेतली, काहींना कार्यशाळेबरोबर मैदानावर फिजिओथेरपिस्टही दिला. कार्यशाळा झालेल्या संघांनी कार्यक्रम जास्त नेमानं केला. वरून दिलेल्या फिजिओनं मात्र विशेष फरक पडला नाही. कोचला नीट शिकवलं की काम भागत होतं.

"नुसत्या वेबसाइटवाल्यांनी केलाच न्हाई का?" धाकट्यानं विचारलं.

"केला की. कमी केला."

"मग!" एवढ्यावर त्यानं अर्धा सामना जिंकल्यासारखा चहा मागवला.

माझं मत सांगतो. उडी मारून उतरताना पोराचा गुडघा आत वळतो, ही त्या कार्यक्रमातली नेमकी बघायची गोष्ट. कंबर, गुडघा आणि पाऊल एका रेषेत हवं. व्हिडिओतला माणूस रेषेत उतरतो, त्याला बघून पोरगंही उतरतं आणि त्याला वाटतं आपणही तसंच उतरलो. कोच बाजूला उभा असेल तर त्यालाही तसंच वाटतं, कारण आत वळणारा गुडघा बाजूनं दिसत नाही, समोर उभं राहावं लागतं. चुकीच्या पद्धतीनं वीस मिनिटं नेमानं केलेला व्यायाम कुणालाच वाचवत नाही. इथं डोळा तयार असलेला माणूस एकदा तरी शेजारी लागतोच. पण एकदाच, दर आठवड्याला नाही. राँडोचे नवे प्रकार, थ्रो-इनचे डाव, कॉर्नरची मांडणी, यासाठी पुण्याला जाणं म्हणजे पैशाचा चुराडा.

बापूंना मैदानाची काळजी. व्हिडिओ हिरवळीवरचे, आपली पोरं माती-खड्यांवर. तिथं सरपटत येणारा पास इथं दोन टप्पे घेत गुडघ्याला लागतो. त्यामुळं 'पहिल्या स्पर्शात चेंडू मेला पाहिजे' हे हिरवळीवरचं गणित इथं तसंच चालत नाही. पोरानं तळव्यानं चेंडू दाबायची सवय आधी लावावी, मग इनसाइडनं घ्यायला शिकावं. चेंडूही बारा वर्षांखाली चार नंबरचा, फार टणक न भरलेला. पाच नंबरचा दगडासारखा फुगवून दिला तर पोरं पायाच्या टोकानं मारायला लागतात आणि ती खोड पुढं मोडत नाही.

"आणि डाइव्ह?" कीपर म्हणाला. "व्हिडिओत गवतावर पडतोय. आपल्या पोराला पहिल्या दिवशी तसं पाडलं तर कोपर सोलून घरी जातंय, परत येत न्हाई." त्याचा क्रम असा: आधी गुडघ्यावर बसून बाजूला पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. तेही वाळूत किंवा गादीवर. हात आधी चेंडूकडे, मग पोटरी, मांडी, कंबर, खांदा असं अंग टेकायचं. कोपर पोटाखाली गेलं की थांबवायचं. हे मात्र, त्यानं नाइलाजानं कबूल केलं, स्लो करून बघितलेल्या व्हिडिओतून चांगलं कळतं. क्लिनिकमध्ये माणूस एकदा पडून दाखवतो, तो पडेपर्यंत तुम्ही शेजारच्याशी बोलत असता.

व्हिडिओ बघायचीही रीत असते. पहिल्यांदा आवाज बंद करून बघायचा आणि पोरं काय करतात ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मग आवाज लावून ताळा. एका वेळी एकच सराव. कागदावर वय, पोरांची संख्या, मीटर, मिनिटं, सोपा करायचा तर काय, अवघड करायचा तर काय, आणि पोरांना सांगायच्या फक्त दोन किंवा तीन गोष्टी. ज्या व्हिडिओतून यातलं निम्मंही मिळत नाही तो सोडून द्यायचा, कितीही लाख लोकांनी बघितलेला असू दे. संगणकावर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाचं बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढं सरकतं, स्वल्पविरामाचं दाबलं की मागं. टेकवलेला पाय बघायला एवढं पुरतं.

"सर्टिफिकेटचं काय?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

खासगी क्लिनिकचं सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे, हे सरांनी खणखणीत सांगितलं. ती शिडी वेगळी: भारतीय महासंघाचं ई, मग डी, पुढं आशियाई महासंघाचं सी, बी, ए आणि प्रो. ज्याला पुढं कोच म्हणूनच पोट भरायचंय त्यानं दहा हजार राखून ठेवून त्या रांगेत उभं राहावं. तिथं निदान सराव घेताना बघणारा आणि नापास करणारा कुणीतरी असतो.

"नापास करणाराच पाहिजे असंल तर पुण्याला कशाला?" बापू म्हणाले. "सर, तुम्ही बसा की पायरीवर."

मग तेच ठरत गेलं. रविवारी सकाळी साडेसहाला धाकटा नेहमीसारखा सराव घेणार. फोन वरच्या पायरीवर आडवा बांधायचा, सगळा चौकोन दिसेल असा, फक्त दहा मिनिटं. पोरांच्या घरच्यांना आधी विचारायचं आणि चित्रण कुणाच्या स्टेटसला जाता कामा नये. सरांच्या हातात स्टॉपवॉच. त्यांनी तीनच गोष्टी मोजायच्या: धाकटा किती वेळ बोलला, चेंडू किती वेळ फिरत होता, आणि कुठल्या पोराला सर्वांत जास्त वेळ चेंडू लागला नाही. सराव झाल्यावर दोघांनी बसून ते चित्रण बघायचं, पोरांकडे नव्हे, धाकट्याकडे बघत: तो कुठं उभा होता, समजावताना सूर्य पोरांच्या डोळ्यांत होता की त्याच्या.

"त्याच्याच डोळ्यांत पाहिजे," बापू म्हणाले.

चार रविवार असं करायचं. तरीही सरांना सुधारता येत नाही असं काही उरलं, तर ते घेऊन एकानं पुण्याला जायचं. दोघांनी नाही. जाण्याआधी ते पाच सवाल विचारायचे आणि चाळीस माणसांचं असेल तर रद्द. उरलेल्या पैशांत चार नंबरचे चेंडू, दोन पोरांमागे एक होईल इतके.

"आणि गोलकीपिंगसाठी?" कीपरनं विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. चहा आला होता.

"वाळू तरी आणा की लगा एक ट्रॉली."