अलायनर फक्त रात्री घातले तर चालतात का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर बसवायचे आणि काढता येणारे प्लास्टिकचे ट्रे, लावून दात सरळ करून घेणाऱ्यांच्या, आणि ते लावावेत की तारा बसवाव्यात या विचारात असलेल्यांच्या फोनवर एक संदेश वरचेवर येत असतो. त्याचा आशय असा आहे: रोज २२ तास अलायनर घालायला सांगणे ही कंपन्यांनी अंग काढून घेण्यासाठी केलेली सोय आहे, रात्री झोपताना घातले तरी काम होते, राहून गेलेले तास सुट्टीच्या दिवशी भरून काढता येतात, चहासाठी ते काढण्याची गरज नाही, आणि दात एकदा सरळ झाले की पुढे काहीच घालावे लागत नाही. ही विधाने सोयीची आहेत आणि त्यामुळेच ती पसरतात. त्यांपैकी काहींमध्ये सत्याचा अंश आहे, तो आधी मान्य करणे योग्य ठरेल.

पहिला अंश रात्रीच्या दाव्यात आहे. दात हाडात थेट रुतलेला नसतो; त्याचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये तंतूंचे साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचे अस्तर असते. अलायनरचा दाब आला की ज्या बाजूला हे अस्तर दाबले जाते तिथले हाड पेशी हळूहळू विरघळवतात आणि ज्या बाजूला ते ताणले जाते तिथे नवे हाड घातले जाते. हे काम सुरू होण्यासाठी दाब काही तास टिकावा लागतो. दिवसाला निदान सहा तासांच्या आसपास दाब नसेल तर दात सरकत नाही, असे ऑर्थोडॉन्टिक्सची, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्राची, पाठ्यपुस्तके सांगतात. म्हणजे रात्री दहा तास अलायनर घातल्यावर काहीच घडत नाही, असे म्हणता येणार नाही. परंतु संदेश इथेच थांबतो आणि उरलेल्या १४ तासांचा विचार करत नाही. त्या वेळात ताणलेले तंतू दाताला मागे ओढत असतात आणि चावण्याचा, जिभेचा व ओठांचा दाबही दातावर येत असतो. रात्री मिळवलेले दिवसा बरेचसे गमावले जाते आणि दुसऱ्या रात्रीचे पहिले तास ते परत मिळवण्यात खर्ची पडतात. सकाळी सैल झालेला ट्रे रात्री पुन्हा घालताना घट्ट बसतो, दात ठणकतात, याचे कारण हेच असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ट्रेचा आराखडा. संगणकावर योजना आखताना एका ट्रेने एखादा दात साधारणपणे पाव मिलिमीटरपर्यंत सरकवायचा असे गृहीत धरतात, आणि तो ट्रे रोज २० ते २२ तास तोंडात राहील या हिशेबाने आठवड्याने किंवा दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे येतो. पूर्ण वेळ घालूनही दात आराखड्याइतका सरकतोच असे नाही: पुढच्या दातांवर झालेल्या २००९ सालच्या एका अभ्यासात ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात उतरली होती, आणि २०२० च्या पुढील अभ्यासात हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. सुळ्याला फिरवणे हे विशेष चिवट काम आहे. मुळातच जिथे इतकी तूट आहे, तिथे तास निम्मे करून तीच तारीख गाठण्याची अपेक्षा कशी करायची? केवळ रात्री घालण्याचे अलायनर अमेरिकेत विकले गेले, हे खरे आहे. स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी ते विकत असे (ती २०२३ च्या डिसेंबरमध्ये आर्थिक कारणांनी बंद पडली, त्याचा संबंध मी इथे जोडत नाही). पण ते सौम्य वाकडेपणासाठी होते आणि त्यांना अधिक महिने लागतील असे आधीच सांगितलेले असे. २२ तासांसाठी बनवलेला ट्रे दहा तास घालणे ही निराळी गोष्ट आहे.

अशा कमी वापराचा परिणाम आरशात दिसतो. वरच्या पटाशीच्या दातांपैकी बाजूचा दात, म्हणजे सुळ्याच्या अलीकडचा, बारकाईने पाहावा. ट्रेचे प्लास्टिक आणि दाताची खालची कड यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी पोकळी दिसत असेल, तर दात ट्रेच्या मागे पडलेला आहे. दातांवर चिकटवलेले अटॅचमेंटचे बारीक उंचवटे त्यांच्या खाचांत नीट बसत नसतील, तरीही तोच अर्थ. अशा वेळी ठरलेली तारीख आली म्हणून पुढचा ट्रे उघडला की तूट पुढच्या प्रत्येक ट्रेमध्ये वाढत जाते आणि शेवटी नवे माप घेऊन नव्याने ट्रे करावे लागतात.

सुट्टीच्या दिवशी तास भरून काढण्याच्या दाव्याचे उत्तर एका ओळीत देता येते: दिवसाचे तास २४ असतात आणि त्यातले २२ आधीच ठरलेले आहेत. भरपाई करायचीच तर ती तासांनी होत नाही, दिवसांनी होते. तोच ट्रे आणखी काही दिवस घालायचा आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारायचे.

कंपन्या अंग काढून घेतात, या आरोपात मात्र तथ्य आहे. योजना चुकली तरी ‘तुम्ही घातलेच नाहीत’ असे म्हणणे सोपे असते, आणि ते कानी पडलेल्यांचा राग मला समजतो. परंतु उलट बाजूही पाहावी. काढ-घाल करता येणाऱ्या उपकरणांत लपवलेल्या सेन्सरने वेळ मोजली, तेव्हा माणसे सांगतात त्याहून प्रत्यक्ष वापर कमी असतो, हे अनेकदा दिसून आलेले आहे. खोटे बोलण्यापेक्षा अंदाज चुकणे हेच याचे कारण असावे. आपल्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला तर ते लक्षात येते: न्याहारीला २० मिनिटे, दोन जेवणांना प्रत्येकी ३०, दोन चहांना प्रत्येकी १०, आणि दात घासण्या-धुण्याला चार वेळा मिळून २०, एकूण दोन तास झाले. आता कार्यालयातल्या चारच्या चहाला गप्पांमुळे पाऊण तास लागला, किंवा लग्नाच्या पंगतीत ट्रे डबीत न ठेवता कागदी रुमालात गुंडाळला आणि तो पानाबरोबर कचऱ्यात गेला, की हिशेब संपला. त्यामुळे डबी कायम खिशात किंवा पर्समध्ये असावी आणि चहाच्या खेपा कमी कराव्यात, हा सल्ला मला बावीसच्या आकड्याहून अधिक उपयोगी वाटतो.

चहाचा दावा तर सरळ हानिकारक आहे. हे ट्रे प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून, मऊ करून, दातांच्या साच्यावर ओढून बनवतात. कढत चहाने किंवा धुताना वापरलेल्या गरम पाण्याने त्यांचा आकार बिघडू शकतो. दुसरे म्हणजे गोड चहा ट्रेच्या आत शिरून दातांशी साचून राहतो, आणि एरवी आम्ल धुऊन टाकणारी लाळ तिथवर पोहोचत नाही. तोंडातली आम्लता वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, विरघळू लागते, आणि हिरड्यांलगत पांढरे डाग दिसू लागतात. ती किडीची सुरुवात असते. चहाचा आणि हळदीचा पिवळेपणा ट्रेवर चढतो, तो प्रश्न फक्त दिसण्याचा आहे, त्याची चिंता नंतर करावी. ट्रे घातलेला असताना साधे पाणी प्यावे, बाकी सर्व काढून; आणि खाल्ल्यावर ब्रश करणे शक्य नसेल तर निदान खळखळून चूळ भरून मगच ट्रे परत घालावा.

शेवटचा दावा, दात सरळ झाले की विषय संपतो, हा सर्वांत महाग पडतो. दाताभोवतीच्या तंतूंची मुख्य घडण पुन्हा जमायला तीन-चार महिने लागतात, आणि हिरडीतले लवचीक तंतू वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ ओढ देत राहतात. फिरवलेला दात म्हणूनच लवकर मागे वळतो. यासाठी रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे उपकरण, असतो. तो बहुधा आधी काही महिने जवळपास पूर्णवेळ आणि नंतर रात्रीपुरता घालायचा असतो. ‘रात्री घातले की पुरे’ हा सल्ला खरा ठरतो तो या टप्प्यावर, आणि संदेशातला गोंधळ बहुधा इथूनच उगवला असावा. काही दिवस रिटेनर राहून गेला आणि घालताना घट्ट लागला, तर दात हलला आहे असे समजावे. तो पूर्ण बसत असेल तर लगेच अधिक तास घालावा, आणि बसतच नसेल तर जोर लावून दाबू नये, डॉक्टरांकडे नवे माप द्यायला जावे.