फायबरचं खरं काम तडा गेल्यावर सुरू होतं

‘काँक्रीटमध्ये फायबर टाका, ताकद तिप्पट होते. सळईची गरज उरत नाही. तडे जात नाहीत. प्लास्टिकचं फायबरही स्टीलइतकंच काम करतं आणि जितकं जास्त टाकाल तितकं चांगलं.’ हा मजकूर सतत फिरत असतो. फायबर म्हणजे काँक्रीटच्या मिश्रणात मिसळायचे स्टीलचे किंवा प्लास्टिकचे आखूड धागे. सोबत बहुतेकदा एक व्हिडिओ असतो: दाबयंत्रात साध्या काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चाचणीचा ठोकळा, फुटून विखुरतो, फायबरचा क्यूब मात्र तडकूनही जागेवर उभा राहतो. व्हिडिओ खोटा नसतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. त्या निष्कर्षावर विसंबून कुणी स्लॅब ओतला तर त्याखाली माणसं राहणार आहेत, म्हणून हा मजकूर हसून सोडून देण्यासारखा नाही.

आधी तिप्पट ताकदीचं बघू. व्हिडिओत क्यूबऐवजी यंत्राचा आकडा बघा. दोन्ही क्यूब जवळपास सारख्याच भाराला हार मानतात. स्टील फायबर आकारमानाच्या दीड टक्क्यापर्यंत टाकलं तरी दाब सोसण्याची ताकद साधारण ० ते १५ टक्के वाढते. मिश्रण नीट दाबलं गेलं नाही आणि आत हवा अडकली, तर ती घटतेसुद्धा. क्यूब विखुरला नाही, कारण फुटलेले तुकडे धाग्यांनी एकमेकांना धरून ठेवले होते. ही मोलाची गोष्ट आहे, पण तिचं नाव चिवटपणा. ताकद वेगळी.

ताणाचं गणित तर आणखी बोलकं आहे. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या साधारण एक-दशांश असते, आणि त्याची लांबी दहा हजारात एक भाग वाढली, की ते तडकण्याच्या बेतात येतं. एवढ्याशा वाढीने स्टीलच्या धाग्यात ताण येतो सुमारे २० मेगापास्कल (ताण आणि ताकद मोजण्याचं एकक). त्या धाग्याची ताकद १००० मेगापास्कलच्या वर असते. म्हणजे काँक्रीट तडकतं त्या क्षणी धाग्याने आपल्या क्षमतेतला दोन टक्के भागही वापरलेला नसतो. नेहमीच्या मात्रेत धागा पहिला तडा फारसा पुढे ढकलू शकत नाही.

त्याचं काम तिथून पुढे सुरू होतं. भेग उघडू लागली, की तिच्या दोन्ही काठांत रुतलेले धागे ओढले जातात, धाग्याच्या टोकाचा वाकवलेला हूक सरळ होत जातो, धागा घासत घासत बाहेर येतो आणि त्या घर्षणात ऊर्जा खर्च होते. धागा तुटण्याऐवजी उपटून निघावा अशीच त्याची रचना केलेली असते. तो पटकन तुटला तर काँक्रीट पुन्हा ठिसूळच वागेल. म्हणून या काँक्रीटची खरी परीक्षा क्यूबवर होत नाही. ईएन १४६५१ या युरोपीय मानकात १५० मिलिमीटर चौरस छेदाच्या बीमला २५ मिलिमीटरची खाच पाडतात, ५०० मिलिमीटरच्या अंतरावर टेकवून मधोमध भार देतात आणि खाचेचं तोंड ०.५, १.५, २.५ आणि ३.५ मिलिमीटर उघडल्यावर बीम किती भार धरून आहे ते मोजतात. भेगेनंतर उरलेल्या या ताकदीचे आकडे न देता कुणी ‘मजबूत’ म्हणत असेल, तर त्याने अजून काहीच सांगितलेलं नाही.

आता सळईचा मुद्दा. यातच सगळ्यात मोठा धोका आहे. १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबची एक मीटर रुंद पट्टी घ्या. एका बाजूला ८ मिलिमीटरच्या सळया, २०० मिलिमीटर अंतरावर, दोन्ही दिशांना. दुसऱ्या बाजूला घनमीटरला २५ किलो स्टील फायबर. चौरस मीटरमागे दोन्हीकडे स्टीलचं वजन जवळपास सारखंच, पावणेचार ते चार किलो. धागे सगळ्या दिशांना विखुरलेले असल्याने कोणत्याही एका छेदातून निम्मेच उपयोगी पडतात असं धरलं, तरी छेदातलं स्टील येतं सुमारे २४० चौरस मिलिमीटर. सळयांचं येतं २५०. कागदावर बरोबरी झाल्यासारखं वाटतं.

पण सळई तळाशी असते, नेमक्या ताणाच्या जागी आणि नेमक्या दिशेत, आणि ती ५०० मेगापास्कलपर्यंत पूर्ण ताणली जाते. धाग्यांतले काही वरच्या दाबाच्या भागात निरुपयोगी पडून असतात, काही वाकडे रुतलेले असतात, आणि बहुतेक पूर्ण ताणले जाण्याआधीच उपटून येतात. सळयांच्या स्लॅबची वाक सोसण्याची क्षमता येते मीटरला सुमारे १५ किलोन्यूटन-मीटर. बीमच्या चाचणीत उरलेली ताकद २.५ मेगापास्कल मिळाली असेल, तर फायबरच्या स्लॅबची येते ९ च्या आसपास. तीही भेग आणखी रुंदावली की उतरू शकते.

मग कारखान्यांच्या फरशा आणि बोगद्यांची अस्तरं फक्त फायबरवर कशी चालतात? चालतात, आणि उत्तम चालतात, कारण तिथे भाराला दुसरी वाट असते. जमिनीवर टेकलेल्या फरशीत एका जागी भेग पडली, की भार शेजारच्या भागावर आणि खालच्या मातीवर सरकतो. बोगद्याच्या अस्तरात मुळात दाबच जास्त असतो. दोन भिंतींवर टेकलेल्या अधांतरी स्लॅबमध्ये मधोमध भेग गेली, तर भाराला जायला दुसरी जागाच नाही.

मानकंही म्हणूनच सावध आहेत. एसीआय ३१८ या अमेरिकेच्या काँक्रीट बांधकामाच्या मानकाने २००८ मध्ये बीममधल्या किमान रिंगांऐवजी स्टील फायबरला परवानगी दिली, पण अटी घालून: घनमीटरला निदान ६० किलो हूक असलेलं फायबर, बीमची उंची ६०० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, काँक्रीटही ठरावीक ताकदीपर्यंतचंच. ही सूट कातर, म्हणजे बीम तिरका चिरू पाहणारा भार, सोसणाऱ्या रिंगांपुरती होती, तळाच्या मुख्य सळयांना ती लागू नव्हती.

‘सळईशिवाय पूल उभा आहे’ म्हणून कॅनडातल्या शेरब्रुकच्या १९९७ च्या पादचारी पुलाचा दाखला दिला जातो. त्या पुलात नेहमीच्या सळया नाहीत हे खरं आहे. पण त्याचं काँक्रीट अतिउच्च ताकदीचं आहे, आणि ताणलेल्या पोलादी केबल्सनी तो पूल आवळून धरलेला आहे. दाखला देताना या केबल्स मात्र गाळल्या जातात.

‘तडे जात नाहीत’ यात थोडं सत्य आहे. १२ मिलिमीटर लांब आणि १८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड, पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे धागे घेतले, तर ९०० ग्रॅममध्ये ते ३० कोटींहून जास्त भरतात. ओतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत, काँक्रीट अजून ओलं आणि दुबळं असताना, हे दाट जाळं सुकण्याने पडणाऱ्या भेगा चांगल्या रोखतं. काँक्रीट घट्ट झाल्यावर हेच धागे त्याच्यापेक्षा कितीतरी लवचीक ठरतात आणि भाराखाली त्यांचा हातभार नगण्य राहतो. हे धागे टाकले तरी क्युरिंग, म्हणजे काँक्रीटला पाणी मारत राहणं, टाळता येत नाही. आगीत मात्र त्यांचा मोठा उपयोग होतो: १६५ अंशांच्या आसपास ते वितळतात, मागे बारीक वाटा राहतात, आतली वाफ त्यांतून निसटते आणि काँक्रीटचे पापुद्रे स्फोटासारखे उडणं टळतं. जाड प्लास्टिक फायबर वेगळं. त्याने भेगेनंतरची ताकद खरोखर मिळते, पण कायम भाराखाली ते हळूहळू ताणत जातं आणि भेग रुंदावत राहते. त्याला स्टीलइतकंच म्हणणं बरोबर नाही.

राहिला ‘जितकं जास्त तितकं चांगलं’. मात्रा वाढली की मिश्रण ताठर होतं, लांब आणि बारीक धाग्यांचे गोळे होतात, व्हायब्रेटर फिरत नाही. अशा वेळी सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता मिश्रण प्रवाही करणारं रसायन, वाढवायला हवा, मिश्रणात वाळू-सिमेंटचा भाग वाढवायला हवा. प्रत्यक्षात मिक्सरमध्ये पाण्याची बादली ओतली जाते. धाग्याला धरून ठेवणारी सिमेंटची पकडच त्या पाण्याने सैल होते, आणि मग भेग उघडताच तो फारसा प्रतिकार न करता सरकून बाहेर येतो.