फिलाडेल्फिया वजा, मालेगाव वजा

२०२० च्या नोव्हेंबरात आमच्या प्लांटच्या कॅन्टीनमध्ये एक वाक्य ऐकलं. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, फिलाडेल्फियापासून गाडीने तासाभरावर, औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मतदान मंगळवारी झालं होतं आणि कोण जिंकलं ते कळायला शनिवार उजाडला. पहिल्या रात्री ट्रम्प पुढे होते. टपालाने आलेली मतं मोजली जाऊ लागली तशी त्यांची आघाडी आटत गेली. त्यात जादू नव्हती. टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडायची नाहीत, असा इथला कायदा आहे, आणि त्या वर्षी अशी पाकिटं पंचवीस लाखांच्या वर होती. शेवटी बायडन यांनी हे राज्य सुमारे ८० हजार मतांनी घेतलं. एकट्या फिलाडेल्फिया शहरात त्यांना ४ लाख ७० हजारांच्या आसपास आघाडी होती.

सँडविच खाता खाता माझा सहकारी म्हणाला, "फिलाडेल्फिया काढून टाका, राज्य आमचंच आहे."

मला हसू आलं होतं. सोळा लाख वस्तीचं शहर काढून टाकायचं म्हणजे ठेवायचं कुठे? त्या शहरातले दहातले चार लोक कृष्णवर्णीय आहेत, हे तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. पुढे खटले झाले. पेनसिल्व्हेनियाचा खटला अपिलात गेला तेव्हा तो फेटाळणारा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाला ट्रम्प यांनीच नेमलेलं होतं. मला तेव्हा वाटायचं, हे यांचं खूळ आहे. आपल्याकडे हरलेला माणूस पैसे वाटले म्हणून बोंब मारतो, पण मतदारच वजा करत नाही.

४ जून २०२४ ला आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे चुलते. शिंदखेडा तालुक्यात आमचं गाव आहे, आबांचं आठवडे बाजारात कापडाचं दुकान लागतं. धुळे लोकसभेचा निकाल तेव्हा नुकताच लागला होता. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या, भाजपचे सुभाष भामरे पडले. सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत भामरे पुढे, आणि सहाव्यात, मालेगाव मध्यमध्ये, ती सगळी आघाडी वाहून गेली. आबा तावातावाने म्हणाले, "मालेगाव काढी टाक ना भो, मंग देख कोण निवडी येस!"

कॅन्टीनमधलं वाक्य शब्दाला शब्द अहिराणीत आलं होतं. काही महिन्यांनी विधानसभेच्या प्रचारात मोठमोठ्या नेत्यांनी धुळ्याच्याच या आकडेमोडीला 'व्होट जिहाद' असं नाव दिलं. कॅन्टीनमध्ये जे न बोलता समजून घ्यायचं होतं, ते इकडे माइकवरून बोललं गेलं.

मी आबांना म्हटलं, "आबा, तुमच्या गाठोड्यातून मालेगाव काढून टाका, मग काय उरतं बघा." त्यांच्याकडच्या लुंग्या, परकराचं कापड, बरंचसं मालेगावच्या यंत्रमागांवरचं. लहानपणी त्यांच्यासोबत मीही टेम्पोत बसून माल आणायला गेलोय. मागांच्या खडखडाटात समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, भाव बोटांवर ठरायचा. आबा जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "धंदा अलग, मत अलग. आणि ते लोक एकगठ्ठा टाकतात, ते तुला चालतं का?"

प्रश्न बरोबर होता. गठ्ठ्याने मतदान होतं, इथेही होतं. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला जी मतं पडतात, ती बघितली तर आबा तिथेही हाच शब्द वापरतील. पण आमच्या गावात सरपंचाच्या निवडणुकीला रात्री मारुतीच्या पारावर बैठक बसते, भाऊबंदकीतले सगळे एका नावावर येतात, आणि सकाळी आमच्या गल्लीतलं एक मत इकडचं तिकडे होत नाही. त्याला आबा 'एकी' म्हणतात. आपल्यांची एकी असते, दुसऱ्यांचा गठ्ठा. हे मी त्यांना बोललो, त्यांनी फोन काकूकडे दिला.

इथवर मी शहाणा होतो. आता माझी पाळी.

२०२४ च्या नोव्हेंबरात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मतदानं झाली. ५ तारखेला इथे, २० तारखेला महाराष्ट्रात. दोन्हीकडे मला नको होतं ते झालं. पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांनी सव्वा लाखाच्या आतबाहेर मतांनी जिंकलं. तिकडे सहा महिन्यांपूर्वी ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला देणाऱ्या मतदारांनी विधानसभेत महायुतीला २८८ पैकी २३० हून जास्त जागा देऊन टाकल्या. जूनमध्ये शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं होतं, "जनता शहाणी आहे." २३ नोव्हेंबरला त्याच ग्रुपवर लिहिलं, "दीड हजारात महाराष्ट्र विकला गेला." रोख अर्थातच लाडक्या बहिणींवर होता. मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये, बायकांच्या खात्यात पडले होते. माझ्या वाक्याला अंगठे भरपूर आले, बहुतेक पुण्यातून आणि परदेशातून.

गावातच राहिलेल्या, कापूस-मका करणाऱ्या एका वर्गमित्राने एवढंच विचारलं, "भाऊ, तू मत कुठे टाकलं?"

कुठेच नाही. चौदा वर्षं झाली, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. इथे कर भरतो, मत नाही. भारताचा नागरिक आहे, त्यामुळे तिकडे मत आहे. फॉर्म ६-अ भरून परदेशातल्या भारतीयाला मतदार यादीत नाव लावता येतं. फक्त मतदानाला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. मी नाव लावलेलं नाही. विमानाच्या तिकिटाचं कारण सांगता येईल, पण फॉर्म भरायला तिकीट लागत नाही.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट मला एका फायलीत सापडली. कर भरायचे कागद काढताना २०२० मधलं एक पत्र निघालं. करोनाच्या पहिल्या लाटेत अमेरिकन सरकारने माणशी १,२०० डॉलर वाटले होते. व्हिसावर राहून इथे कर भरणाऱ्यांनाही ते मिळाले, आम्हा नवरा-बायकोच्या खात्यात २,४०० आले. पाठोपाठ घरी पत्र आलं, खाली डोनाल्ड जे. ट्रम्प यांची ती टोकदार सही. ज्यांना कागदी चेक गेले त्यांच्या चेकवर तर नावच छापलेलं होतं. निवडणुकीचं वर्ष होतं. त्या पैशांत आम्ही एक सोफा घेतला, आजही त्याच्यावर बसूनच मी असली वाक्यं लिहितो. मी विकला गेलो असं मला कुणी म्हटलं नाही. अर्थतज्ज्ञ त्याला 'स्टिम्युलस' म्हणाले. २०२४ ला हॉटेलातल्या वाढप्यांच्या टिपवरचा कर माफ करू, असं ट्रम्प म्हणाले, मग हॅरिस यांनीही म्हटलं. त्याला धोरण म्हणायचं. मोठी माय दीड हजार घेते, तेव्हा मात्र ती रेवडी.

मोठी माय म्हणजे आबांची थोरली वहिनी, माझी सख्खी मोठी काकू. साठीला आलेली, अजून दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते, मजुरी किलोवर. मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा ती चुलीपाशी कळण्याची भाकरी थापत होती आणि डोळ्यांवर चष्मा होता. मी तिला चष्म्यात कधीच पाहिलं नव्हतं. एका काडीला काळा दोरा बांधून तो मानेमागून घेतला होता, वाकताना पडू नये म्हणून. विचारलं तर म्हणाली, बहिणीच्या पैशातून, दोंडाईच्याहून. आधी बोंडातला कचरा दिसायचा नाही, मुकादम बोलायचा. मुलाकडे दोन वर्षं चष्मा मागत होती, तो "पुढच्या महिन्यात" म्हणायचा.

माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, "मग मत त्यांनाच दिलं असशील?"

तिने भाकरी उलटली, चष्म्याच्या वरून बघितलं. "मना पैसा, मनं मत. तुले काय करनं शे?"

तिने कुणाला दिलं ते मला आजही माहीत नाही. बँकेत पैसे तिच्या नावाने येतात, पण मतदानाला घरातले पुरुष सांगतात तसं ती आजवर करत आली, हे तिनेच पूर्वी मला सांगितलेलं होतं. या वेळी तिने सांगितलं नाही, ही मला मोठी घडामोड वाटते. योजनेच्या खर्चाचा मुद्दा खोटा नाही, राज्याच्या तिजोरीवर ताण येतो, आणि मतदानाच्या तोंडावर खात्यात पैसे टाकणं मला आजही पटत नाही. पण ते मी सरकारला विचारायला हवं होतं. मी तिला विचारलं, कारण ती हाताशी होती.

इथल्या मराठी मंडळाच्या पंगतीत आता दोन टेबलं असतात. एक म्हणतं मालेगाव काढा, दुसरं म्हणतं लाडक्या बहिणी काढा, आणि पंगतीत वाढायला मात्र दोन्हीकडे तेच चार जण. मी दुसऱ्या टेबलावरचा. माझा कॅन्टीनमधला सहकारी गेल्या वर्षी निवृत्त झाला. २०२४ नंतर त्याने फिलाडेल्फियाचं नाव काढलं नाही, जिंकल्यावर कुणी काढत नाही. तेव्हा आमच्या बाजूच्या लोकांनी मात्र मतदान यंत्रांवर बोट ठेवलं. सोलापूरकडच्या मारकडवाडीत कागदी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचा प्रयत्न झाला, पोलिसांनी तो थांबवला. त्या गावकऱ्यांना निदान मोजून बघायचं होतं. मला मोजायचंही नव्हतं, कारण निकाल माझ्या मनात आधीच लागलेला होता.

भाचीची गोष्ट राहिली. ती दोंडाईच्यात राहते, २०२५ मध्ये अठरा पूर्ण झाली, मतदार कार्ड आलं तेव्हा त्याचा फोटो तिने मला पाठवला. डिसेंबरात नगरपालिकांची मतदानं होती. दोंडाईच्यात नगराध्यक्षांसकट सगळ्या जागा बिनविरोध झाल्या. त्या दिवशी तिचा मेसेज आला. फोटोत नुसतं डावं बोट होतं, कोरं, आणि खाली लिहिलेलं: "मामा, शाई कुठे लावू?"