जुना संगणक घेताना झाकण उघडून पाहावे

घरच्या वापरासाठी जुना संगणक पुरेसा असतो, असे मत एका लेखात वाचले आणि ते मला पटते. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा, संपला असून विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) लागतो, त्यामुळे त्याआधीचे यंत्र, कितीही स्वस्त मिळाले तरी, बँकेचे व्यवहार करणाऱ्या कुटुंबाने घेऊ नये. आपल्या गोव्यात खाऱ्या हवेचाही विचार करावा लागतो. मिरामारला समुद्रालगतच्या एका घरातून आम्ही घेतलेला संगणक पहिल्याच पावसाळ्यात बंद पडला आणि उघडला तेव्हा स्क्रूंवर तांबूस गंज, तर जोडण्यांवर हिरवट थर दिसला. मुलीची परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे फार जिवाला लागले.