ऑक्टोपस पकडणाऱ्या बाईला काय विचारायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

मॉरिशससारख्या छोट्या बेटांच्या देशात विकासाचे प्राधान्यक्रम ठरवताना मतं नेमकी कोणाची घेतली जातात, यावर मी मागे लिहिलं होतं. त्या लेखाखाली ‘निवृत्त सांख्यिकी अधिकारी’ अशी सही करणाऱ्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टेकहोल्डरांची, म्हणजे विषयाशी संबंध असलेल्यांची, मतपाहणी म्हणजे जनगणना नव्हे, त्यामुळे तिच्यात सामान्य माणूस नाही ही तक्रार गैरलागू आहे. काहीशे लोकांचा नमुना अशा कामाला पुरतो. अहवालात गटवार तक्ते असतात, ते मी सांगितले नाहीत. आणि मी कोकणातली असल्यामुळे समुद्र म्हटला की वाहवत जाते. यातलं एक वाक्य मात्र जसंच्या तसं देते (रॉड्रिग्ज हे मॉरिशसचंच एक छोटं बेट): ‘ताई, रॉड्रिग्जमधल्या ऑक्टोपस पकडणाऱ्या बाईला राजकोषीय तुटीबद्दल विचारून काय मिळणार? ज्याला विषय कळतो त्यालाच विचारायचं असतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं.’

आधी सुराबद्दल बोलते, कारण मला तो लागला. साहेब, तुम्ही माझ्याहून वयानं आणि अनुभवानं मोठे असाल, सहीवरून तरी तसं दिसतं. पण ‘ताई’ म्हणून जवळ घ्यायचं आणि त्याच वाक्यात पहिल्या वर्षाच्या वर्गात नेऊन बसवायचं, ही चर्चेची रीत नाही. माझा मुद्दा चुकला असेल तर तो कुठे चुकला ते दाखवा. माझी इयत्ता काढायचं कारण नव्हतं. याच जागी एखाद्या प्राध्यापकांचा लेख असता, तर तुम्ही हे वाक्य असंच लिहिलं असतं का, हा विचार माझ्या मनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

गटवार तक्त्यांचं म्हणणं मान्य आहे. सरकारी अधिकारी काय म्हणतात, उद्योजक काय म्हणतात, स्वयंसेवी संस्था काय म्हणतात, हे चांगल्या अहवालात वेगवेगळं दिलेलं असतं. त्याचा उल्लेख लेखात असता तर बरं झालं असतं. पण जो गट यादीतच नाही, त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. माझा लेख त्या रकान्याबद्दल होता.

आता त्या वाक्याकडे येते.

मी त्या बाईला राजकोषीय तुटीबद्दल विचारा असं कुठेही म्हटलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. अशा पाहण्यांत विचारतात ते वेगळंच असतं. जागतिक बँक आणि तिच्यासारख्या संस्था देशोदेशी ही कामं करतात. मंत्रालयं, चालू प्रकल्प, इतर देणगीदार संस्था, उद्योग, विद्यापीठं, माध्यमं, स्वयंसेवी संस्था यांतून नावं काढली जातात. प्रश्नावली त्यांच्याकडे जाते. काही प्रश्नांना एक ते दहा गुण द्यायचे असतात, आणि एक प्रश्न साधारण असा असतो: देशाच्या विकासासाठी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी या यादीतून निवडा. यादीत सुशासन, शिक्षण, रोजगार, खासगी क्षेत्राची वाढ, हवामानबदल असं सगळं असतं. हा ज्ञानाचा प्रश्न नाही. तुमच्या आयुष्यात आणि तुमच्या देशात आधी काय व्हावं, असा तो प्रश्न आहे. याचं उत्तर द्यायला पदवी लागते असं तुम्ही म्हणत असाल, तर उघड म्हणा. मग आपण त्यावर बोलू.

तुम्ही उदाहरण म्हणून जिला निवडलंत, त्या बाईबद्दल थोडं सांगते, कारण तुम्हाला ती माहीत नाही असं दिसतं. रॉड्रिग्ज हे मॉरिशसच्या मुख्य बेटापासून पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ जेमतेम १०८ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर. २००२ पासून तिथे स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे. तिथल्या उथळ खाजणात ओहोटीच्या वेळी बायका ऑक्टोपस टिपतात. पायात रबरी बूट, हातात लोखंडी सळई, पाणी गुडघाभर, कंबर वाकलेली, नजर दगडाच्या भोकावर. पकडलेला ऑक्टोपस ताणून काठ्यांवर वाळत घालतात, त्या रांगा रस्त्यावरून जाताना दिसतात. या बायकांना तिथे पिकेझ म्हणतात.

हा ऑक्टोपस कमी होत चालला होता. २०१२ साली ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत पकडण्यावर बंदी घातली गेली. ऑक्टोपसचं आयुष्य छोटं, वाढ झपाट्याची, आणि मादी एकदाच अंडी घालून, ती सांभाळून मरते. त्यामुळे दोन महिने हात आवरला तरी हाती येणारा माल वजनदार होतो. बंदीच्या काळात या लोकांना रोजंदारीचं दुसरं काम देण्यात आलं. पुढे मुख्य बेटानंही ही रीत उचलली. आता विचार करा, ही बंदी यशस्वी कोणी केली? बंदी कागदावर काढता येते. पण एवढ्या मोठ्या खाजणात प्रत्येक दगडावर पहारेकरी उभा करता येत नाही. नेहमीच्या कमाईवर पाणी सोडून खाजणाबाहेर राहायला ज्या तयार झाल्या, त्यांनी ती यशस्वी केली. आणि त्यांनाच विषय कळत नाही असं तुम्ही लिहिता.

मी अशा एका पाहणीवर काम केलेलं आहे. संस्थेचं नाव घेणार नाही. राजधानी पोर्ट लुईमध्ये आम्ही ज्या कार्यालयांत जायचो, तिथली माणसं सौजन्यानं वागायची, चहा द्यायची, मनापासून उत्तरं द्यायची. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. रॉड्रिग्जसाठी मात्र आमच्या यादीत बोटावर मोजण्याइतकी नावं होती आणि ती सगळी कार्यालयातली, फोनवर गाठायची. काम संपल्यावर मी स्वतःच्या खर्चानं तिथे गेले. तीच प्रश्नावली बरोबर होती. दक्षिण किनाऱ्यावर एका बाईला, ती वाळवण काढत असताना, दुभाष्याच्या मदतीनं प्राधान्यक्रमांचा प्रश्न विचारला. तिनं यादी पूर्ण ऐकूनही घेतली नाही. ‘पाणी,’ म्हणाली. नळाला शेवटचं पाणी कधी आलं, टाकी कधी संपली, दोन मुलांच्या शाळेच्या कपड्यांना किती लागतं, सगळं सांगितलं. माझ्या यादीत पाणी नव्हतं, ‘पायाभूत सुविधा’ होतं. मी ते ‘इतर’ या रकान्यात लिहिलं. तुम्ही सांख्यिकीत नोकरी केली आहे, तेव्हा ‘इतर’चं पुढे काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. वेगवेगळी उत्तरं एका संकेतांकाखाली जातात आणि स्तंभालेखाच्या तळाशी एक बारीक पट्टी होऊन बसतात. ती पट्टी पाहून कोणी पाण्याची योजना आखत नाही.

ही गोष्ट फक्त एका बेटाची नाही. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज मुख्य बेटाच्या आग्नेय किनाऱ्याला, पोइंत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं. तेल गळायला लागलं ते ६ ऑगस्टला. मधले दिवस जहाज किनाऱ्यावरून सगळ्यांना दिसत होतं. सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा माएबुर्गच्या धक्क्यावर मच्छीमार, विद्यार्थी, गृहिणी जमल्या. उसाचं पाचट कापडी नळ्यांत भरून, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या अडकवून त्यांनी तेल अडवायचे मैलोन्‌मैल बांध शिवले. प्रवाह कुठून कुठे जातो, नळी कुठे लावली तर तेल कांदळवनात शिरणार नाही, हे खाजणात रोज उतरणाऱ्यांना ठाऊक होतं. जहाज फुटायच्या आधी देशाच्या कुठल्या मतपाहणीत यातल्या एकाला तरी तुम्ही ‘ज्याला विषय कळतो तो’ म्हणून मोजलं असतं का?

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांबद्दल लिहू की नको असं वाटत होतं, कारण तो विषय मोठा आहे. पण ज्याला कळतं त्यालाच विचारायचं हे तत्त्व कुठपर्यंत जातं ते तिथे दिसतं. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळालं १९६८ मध्ये. त्याआधी, १९६५ साली, ब्रिटननं चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला. १९७३ पर्यंत तिथल्या दीड-दोन हजार माणसांना तिथून हलवलं आणि मॉरिशस-सेशेल्समध्ये आणून सोडलं. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ झाला. हा निर्णय घेणारे सगळे जाणकार होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २०१९ मध्ये या विभाजनाविरुद्ध मत दिलं, आणि २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशसमध्ये चागोस मॉरिशसला परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्या दिवशीही, दोन चागोसी महिलांच्या अर्जावरून लंडनच्या न्यायालयानं काही तासांची मनाई दिली होती. त्यांचं म्हणणं एकच होतं, की आम्हाला कोणी विचारलं नाही. साठ वर्षांनी तीच तक्रार. मॉरिशसच्याच अगालेगा बेटाचंही पाहा. भारताच्या मदतीनं तिथे धावपट्टी आणि जेटी बांधली गेली, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. बेटावर राहतात सुमारे तीनशे माणसं. एवढ्या माणसांना घरोघरी जाऊन विचारायला कुठलाही नमुना काढावा लागत नाही.

जाणकारांना विचारूच नये असं मी म्हणत नाही. १९६१ च्या अहवालात जेम्स मीड यांना मॉरिशसचं भवितव्य अंधारलेलं दिसलं होतं: एकटा ऊस आणि भरभर वाढणारी लोकसंख्या. पुढे देश कापड, पर्यटन, वित्तसेवा असा फिरला. मीड मोठे अर्थतज्ज्ञ होते, १९७७ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं ऐकायला हवंच होतं. फक्त त्यांच्या खुर्चीवरून जे दिसत होतं तेवढंच सगळं नव्हतं.

कोकणाबद्दल तुम्ही लिहिलंत, तर तेही सांगते. माझी आई मासे विकायची. आमच्या बंदरात नवी जेटी आली तेव्हा साहेबलोक आले, सरपंचांशी बोलले, मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनांशी बोलले, फोटो काढून गेले. दोघेही विषय कळणारेच. जेटी झाली ती लिलावाच्या जागेपासून लांब, आणि ओहोटीला तिच्या पायऱ्या पाण्याच्या कितीतरी वर राहायच्या. पाटी डोक्यावर घेऊन बायका शेवाळलेल्या कातळावरून चढायच्या. आई एकदा तिथेच पडली, मनगट मोडलं, त्या हातानं पुढे तिला ओली पाटी कधी नीट उचलता आली नाही. पायऱ्या दोन हात खाली हव्यात हे तिथली कुठलीही कोळीण सांगू शकली असती. मी या क्षेत्रात आले ती त्यामुळे. याला तुम्ही वाहवत जाणं म्हणता. माझ्यासाठी ते या विषयातलं माझं शिक्षण आहे आणि त्याबद्दल मी तुमच्याकडून प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

नमुन्याच्या आकाराचं सूत्र तुम्ही दिलंत, ते बरोबर आहे. त्यानं काही बदलत नाही, कारण नमुना ज्या यादीतून काढायचा तिच्याबद्दल वाद आहे. लेख लांब झाला हेही तुमचं मत, असू दे. मॉरिशसमधल्या मराठी मंडळींना या पाहण्यांबद्दल काही अडचण नाही असं तुम्ही लिहिलंत. ते कशावरून, हे लिहिलं नाहीत. व्हाक्वाच्या एका मराठी घरात मी राहिले आहे. तिथले आजोबा अशा पाहणीत आपल्याला कोणी कधी काही विचारल्याचं सांगत नव्हते.

एक विनंती मात्र करते. इतकी वर्षं नोकरीत तुम्ही उत्तरदात्यांच्या याद्या तयार केल्या असतील. त्यातली एक घ्या, कुठल्याही जिल्ह्याची. ती कोणत्या कागदावरून काढली, कोणाला वगळलं, वगळायचं कोणी ठरवलं, आणि वगळलेल्यांपैकी कोणी कधी येऊन जाब विचारला का, हे सविस्तर लिहून पाठवा. एकही शब्द न बदलता मी ते इथे प्रसिद्ध करीन.