उमेदवारी: शिवाजीनगरची आणि हेगची

१७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुलभूषण जाधव खटल्याचा निकाल लागला, तेव्हा सदाशिव पेठेतून मामाचा मला हेगला फोन आला. "पंधरा विरुद्ध एक! पेढे आणलेत." मामाची दिवाणी वकिली चाळीस वर्षांची. मी म्हटलं, निकालापेक्षा मला त्या न्यायाधीशांच्या हाताखाली टिपणं काढणारी मुलं कुठल्या घरांतून येतात त्यात रस आहे. "म्हणजे कायदा नाहीच तुझा," असं म्हणून त्याने विषय मिटवला.

आंतरराष्ट्रीय न्यायालयांचं समाजशास्त्र हे माझं काम. वकिलांना ते गप्पा वाटतं, समाजशास्त्रज्ञांना वकिली. करार दोन-दोन वर्षांचे. "पर्मनंट कधी?" या बाबांच्या प्रश्नाला अजून उत्तर नाही.

सध्या आमच्या घरच्या ग्रुपवर वेगळीच जुंपली आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे देशभरातल्या वकिलांच्या नियामक संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं, की ज्युनिअर वकिलांना महिन्याला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत. शिफारसच ती, सक्ती नाही. माझा भाचा शिवाजीनगर कोर्टात वर्षभर तारखा घेतो, नकला काढतो, आणि त्याला मिळतात पेट्रोलचे पैसे. मामाचं ठरलेलं उत्तर: "आम्ही कुठे मागितले होते?"

हेगमधल्या शांतता प्रासादाबद्दल, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय जिथे बसतं त्या वास्तूबद्दल, पुण्यात जरा जास्तच आदर आहे, म्हणून सांगते. तिथेही न्यायाधीशांच्या मदतीला वर्षभरासाठी ताजे पदवीधर येतात, आणि अनेक वर्षं नियम असा होता की पाठवणाऱ्या विद्यापीठानेच त्यांचा खर्च सोसायचा. म्हणजे येणार कुठून, तर अमेरिका-युरोपातल्या श्रीमंत विद्यापीठांतून. पुढे त्याच वर्षाच्या जोरावर मोठी दारं उघडतात. पुण्यात याला उमेदवारी म्हणतात, इथे प्रतिष्ठा. फरक पडला तो डिसेंबर २०२० मध्ये. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निधी उभारला. आधी दबक्या आवाजात चालणारी कुरकुर कोणीतरी कागदावर आणली, एवढंच.

माझं बोलणं स्वस्त आहे, हे मान्य. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, मीही होते. आणि मामाचं एक म्हणणं मला खोडता येत नाही: ज्याचे अशीलच फी हप्त्याने देतात, तो एकटा वकील वीस हजार आणणार कुठून? पण हेगलाही न्यायाधीशांनी खिशातून पैसे काढले नव्हते. वकील संघटनेने निधी का काढू नये, असं विचारलं तर मामा म्हणतो, "वर्गणीचं नाव काढ, बार रूम रिकामी होईल."

गेल्या रविवारी मी त्याला एवढंच विचारलं, तुझ्याकडून मध्येच सोडून गेलेले ज्युनिअर किती? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भोरचा एक पोरगा होता. मसुदा असा लिहायचा की मला खाडाखोड करावी लागायची नाही. एसटीने ये-जा. आठ महिन्यांनी विमा कंपनीत लागला." थोडं थांबून, "नाव काय बरं त्याचं..."